डावावरून उठायची वेळ

बानूबाई धनगरीण तिरट खेळायची हे आमच्या भरे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चार वर्षांत त्याचं कुणाला काही वाटेनासंही झालं होतं. लोकांना नवल वाटायचं ते तिच्या उठण्याचं. डाव रंगात आलाय, तिच्या पुढ्यात पैशांची चळत आहे, पुढचे पत्ते पिसायला घेतलेत, आणि बाई पदर खोचून उभी राहिलेली. कधी जिंकून उठायची, कधी हरून. बाकीच्यांना तिचा हिशेब लागायचा नाही आणि त्यामुळे ते चिडायचे.

तिरट म्हणजे तीन पानांचा जुगार. प्रत्येकाला तीन पानं वाटायची. ज्याला भरवसा वाटतो त्यानं मधल्या ढिगात पैसे सारत राहायचं, ज्याला वाटत नाही त्यानं पानं टाकून द्यायची. शेवटी दोघं उरतात, त्यात ज्याची पानं मोठी त्यानं ढीग उचलायचा. जिगरबाज गडी पानं न बघताच पैसे लावतो, त्याला आंधळी खेळणं म्हणतात. शिकायला अर्धा तास पुरतो. उठायला शिकायला मात्र सावळ्याला, म्हणजे बानूच्या नवऱ्याला, सबंध जन्म पुरला नाही.

ती खेळ शिकली तीही त्याच्याचमुळे. एकोणीसशे बावीस सालची गोष्ट. आमच्याकडचा पाऊस मेंढराला सोसत नाही, म्हणून धनगर ज्येष्ठातच कळप घेऊन उगवतीकडं कोरड्या मुलखात उतरतात. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी सावळा बांधावरून घसरला आणि त्याची तंगडी मोडली. कळप घेऊन दीर गेला, आणि ही दोघं चार महिने भऱ्यात एका गोठ्याच्या कोपऱ्यात अडकून पडली. शेजारी भिवाजी नावाचा एक गडी होता, जर्मनच्या लढाईत पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. त्याच्याकडं पत्त्यांचा एक जोड होता. त्यातली दोन पानं वाटेत कुठं तरी हरवलेली, त्यांच्या जागी त्यानं पुठ्ठा कापून घातला होता. ती दोन पानं कुणाच्या हातात आहेत हे पाठीमागूनच सगळ्यांना दिसायचं, पण पावसात दुसरं करायलाही काही नव्हतं. भिवाजी, सावळा आणि तिसरी लागते म्हणून बानू, अशी तिघं चिंचोके लावून खेळायची.

चिंचोके लावून खेळतानाही सावळ्याला उठवत नसे. आपले संपले की तो बायकोकडं उसने मागायचा, तेही गेले की भिवाजीच्या घरी जाऊन पोत्यातून आणा म्हणायचा. पाय फळीला बांधलेला आणि डोळे तांबारलेले. बानू त्याच्याकडं बघायची आणि तिला मनातून जरा भीती वाटायची. बरं झालं ह्याचा पाय मोडलाय, म्हणायची, न्हाईतर हा कळपच डावाला लावून बसला असता.

पण त्याच चार महिन्यांत तिला स्वतःचंही एक कळलं. बानूला लिहिता-वाचता येत नव्हतं. मात्र दीडशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ती नुसतं तोंड बघून सांगायची. पत्त्यांतही तिचं ते डोकं चाललं. आदल्या डावात कुणी कधी पानं टाकली, कुणी किती वेळा पैसे सारले, पानं उघडल्यावर काय निघालं, त्याआधीच्या डावात काय झालं, हे सगळं तिच्या ध्यानात बसायचं. आणि दिवसभरात एक वेळ अशी यायची की ते बसायचं थांबायचं. चिंचोके सारताना ती मनाशी विचारायची, मगाशी भिवाजीनं काय केलं होतं? आणि उत्तर यायचं नाही. त्यानंतर ती खेळत राहिली की हरायची. भलत्या पानांवर अडून बसायची, चांगली पानं टाकून द्यायची. हे तिनं पंधरा-वीस दिवस नुसतं पाहिलं. मग ठरवून टाकलं की आदला डाव आठवला नाही की उठायचं. पुढ्यात किती आहेत ते बघायचं नाही.

पाय जुळून आला, दिवाळीला कळप परत आला. सावळ्याला जरा लंगडत का होईना चालता यायला लागलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांचा कळप पिरंगुटला गेणबाच्या रानात बसायचा. मेंढरं रात्रभर रानात बसवली की त्यांच्या लेंड्यांनी जमीन खतावते, आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो, अशी ती रीत. गेणबाचं रान रस्त्याला लागून होतं. रस्त्याच्या कडेला त्यानं एक लांबलचक पडवी बांधली होती, पुढं पाण्याची डोण, आत चहाची चूल. वर धरणाचं काम चाललं होतं. पुण्याहून चुना, लोखंड, धान्य घेऊन जाणाऱ्या गाड्या दुपारी बैल सोडायला तिथं थांबायच्या. गाडीवान भाकरी खायचे आणि दिवस कलेपर्यंत तिरट खेळायचे. दर डावामागं गेणबा थोडे पैसे काढून घ्यायचा, त्याला नाल म्हणायचे. पोलीस पाटील त्याचा साडू होता, त्यामुळं त्या बाजूनं काही घोर नव्हता.

बानू रोज चहासाठी शेळीचं दूध घालायला तिथं यायची. एक दिवस चौथा गडी मिळेना. ती म्हणाली, मी बसते. गाडीवान हसले. तासाभरानं हसायचे थांबले. मग ती उठून दुधाची चरवी घेऊन निघाली, तेव्हा त्यांनी बराच आरडाओरडा केला. जिंकून पळते म्हणाले. तिनं त्यांना सांगितलं की मी उद्या दूध घेऊन येणारच आहे, पळून जाणार कुठं? दुसऱ्या दिवशी ती आली, बसली, आणि हरल्यावरही तशीच शांतपणे उठली. मग बोलणं बंद झालं.

गेणबाला मात्र ते रुचायचं नाही. ती उठली की दुसऱ्या एखाद्यालाही घरची आठवण व्हायची, डाव मोडायचा आणि नाल बुडायची. त्यानं तिला एकदा नीट समजावलं की असं रंगात येऊन उठणं बरं दिसत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि दुधाचे पैसे मागितले.

आदला डाव आठवण्याची तिची परीक्षा होतीच, पण पडवीत बसून तिनं आणखी दोन गोष्टी शिकून घेतल्या. डावात कोण बसलंय ते ती बघायची. कच्चा खेळणारा उठून गेला आणि नुसते पक्के उरले, की तीही उठायची. पक्क्यांनी एकमेकांचं ओरबाडायचं आणि गेणबानं नाल काढायची, त्यात तिला काही अर्थ दिसत नसे. आणि एखाद्याचा राग आला की उठायची. गाड्यांच्या तांड्याचा मुकादम होता जयसिंग, तो पैसे सारताना तिच्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसायचा. त्या हसण्यावर तिनं एकदा दोन डाव फुकट घालवले होते. पुढं त्याचं हसणं मनाला लागलं की ती पानं खाली ठेवायची.

एवढं सगळं शिकलेली बाई पंचवीस साली, दिवाळी होऊन महिना झाला असेल, एका दुपारी उठायची विसरली. मला ते तिनंच सांगितलंय, आणि लोक सांगतात त्यापेक्षा वेगळं सांगितलंय.

त्या दिवशी वरच्या अंगानं एक गाडी आली. गाडीवर एका संसाराचं सगळं सामान लादलेलं. जातं, कणगी, पितळेची भांडी, कोंबड्यांचं डालगं आणि या सगळ्यावर आडवा टाकलेला घराचा दरवाजा, चौकटीसकट. गाडीचा मालक हैबतराव, पन्नाशीचा, अंगानं दांडगा, डोक्याला पांढरा पटका. त्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. महाळुंग्याला बायकोच्या भावाच्या शेजारी त्यानं थोडी जमीन घेतली होती आणि आता तिकडं निघाला होता. बायको साळूबाई गाडीतच बसून राहिली. हैबतरावानं बैल सोडले, पाणी दाखवलं आणि पडवीत येऊन विचारलं, एक डाव बसू का?

धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात तीन महिने तो तुरुंगात जाऊन आला होता, तिरट तिथंच, बिनपैशांची, शिकला होता. एवढ्यावरून गडी कसा खेळणार हे बानूला कळलं. सगळ्या डावांत राहायचा, पानं टाकणं त्याला माहीतच नव्हतं. वर अर्धे डाव आंधळे. दोन पैशांची चाल त्यानं बघता बघता आण्यावर नेली, आण्याची चार आण्यांवर, आणि मग रुपया. हरला की खो खो हसायचा आणि जिंकला की सगळ्यांना चहा सांगायचा. असा गडी चार हिवाळ्यांत पडवीत आला नव्हता. जयसिंगचे डोळे चमकायला लागले. बानूचेही लागले असणार.

दिवस कलला. गाडीवानांनी गाड्या जुंपल्या आणि ते वरच्या वाटेला लागले. जयसिंगनं त्यांना पुढं व्हायला सांगितलं आणि आपलं घोडं राखून ठेवलं. आता तिघंच उरले म्हणून चहाची चूल सोडून गेणबा स्वतः बसला. बानूनं सवयीनं मनाशी विचारलं, आदल्या डावात मुकादमानं किती वेळा पैसे सारले? आठवेना. एरवी ती तिथंच उठली असती. पण तिनं असा विचार केला की हैबतराव इतका वाईट खेळतोय की माझं अर्धं डोकंही त्याला भारी आहे. अशी संधी टाकून जाणं म्हणजे हातातलं फेकून देणं. आणि ती बसून राहिली.

आणि जिंकतही राहिली. हेच तिला पुढं जास्त टोचलं. हरली असती तर उठली असती. पैसे येत होते, डोकं जड झालं होतं, हैबतराव हसत होता आणि एकेक रुपया सारत होता. दोन तास तसेच गेले.

मग एका डावात तिच्याकडं राजांची जोडी आली. जयसिंग रुपयावर रुपया लावत होता. ती मागं हटली नाही. पानं उघडली तर त्याच्याकडं एक्क्यांची जोडी. पानं वाईट नव्हती, पण मुकादम असा सलग लावायला लागला म्हणजे त्याच्याकडं खरोखर काही तरी असतं हे तिला पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. ते ठाऊक असलेलं तिला त्या वेळी आठवलंच नव्हतं. ती चपापली. डोणीवर जाऊन तोंड धुऊन येते म्हणाली आणि बाहेर आली.

साळूबाई गाडीत तशीच बसलेली होती, दरवाजाच्या कडेला टेकून. डालग्यातल्या कोंबड्यांना ती तांदळाचे दाणे टाकत होती. बानूनं तिला पाणी दिलं आणि सहज विचारलं की तुमच्या पाटलांना पत्त्याचा नाद कधीपासून आहे. साळूबाई म्हणाली, कुठला नाद? आत शिकून आले खरे, पण घरी कधी पत्ता हातात धरला नाही. मग तिनं वाटेतलं सांगितलं. घर सोडून आज चौथा दिवस. वाट एका दिवसाची. पहिल्या दिवशी गावच्या शिवेवर गाडी थांबवून ते मागं गेले, विहिरीवर दोर विसरला म्हणून. दोर गाडीतच होता. दुसरा दिवस पौडात न्हाव्याकडं गेला, तिसरा तिथल्याच एका ओळखीच्या गोठ्यात, बैल दमलेत म्हणून. बैल काही दमलेले नव्हते.

"मी काही बोलत न्हाई," साळूबाई म्हणाली. "त्येंचं गाव हाय. पण कोंबड्या मरायला लागल्यात."

बानू पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. आपण दोन तास काय करत होतो ते तिला आता दिसलं. तिला वाटलं होतं गडी कच्चा आहे. तो कच्चा असेलही, पण त्याला जिंकायचंच नव्हतं आणि हरल्याचं दुःखही नव्हतं. त्याला फक्त डाव चालू राहायला हवा होता. डाव चालू होता तोवर तो कुठंच पोचत नव्हता. जयसिंगच्या आणि तिच्या पुढ्यात जाणारे रुपये म्हणजे उशीर करण्यासाठी त्यानं दिलेलं भाडं होतं.

ती आत गेली आणि म्हणाली की मी उठते, आणि पाटील, तुमीबी उठा, वैनी ताटकळल्यात. हैबतराव हसून म्हणाला, एवढा एक डाव. जयसिंगनं पानं वाटायलाही घेतली होती. बानूनं ते हसणं जवळून पाहिलं आणि तिला सावळ्याचा गोठ्यातला चेहरा दिसला. ह्या माणसाला सांगून काही होणार नव्हतं.

तिनं बाहेर येऊन त्याचे बांधलेले बैल गाडीपाशी आणले आणि जू त्यांच्या मानेवर चढवलं. साळूबाई आधी नुसती बघत राहिली. बानूनं तिला विचारलं, वैनी, हाकू का? साळूबाईनं पदर सावरला, दरवाजाला धरून नीट बसली आणि म्हणाली, हाका.

गाडी डोणीपाशी वळली आणि भऱ्यावरून महाळुंग्याकडं जाणाऱ्या वाटेला लागली. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या. आपल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज माणूस झोपेतही ओळखतो. आत हैबतराव आंधळ्या पानांवर पाच रुपये लावून बसला होता. आवाज आला तसा तो उठला, बाहेर बघतो तर गाडी शंभर पावलं गेलेली. तो धावत सुटला. पटका सुटून खांद्यावर आलेला, एक पायतण पडवीतच राहिलं आणि हातात ती तीन पानं तशीच. मागून गेणबा ओरडत होता. त्याची सगळी हाकाटी पत्त्यांसाठी होती.

बानूनं बैल पळवले नाहीत, पण थांबवलेही नाहीत. ओढ्यापाशी चढ आहे, तिथं हैबतरावानं गाडी गाठली आणि जुवाला हात घातला. तो धापा टाकत होता आणि संतापलेला होता. धनगराच्या बाईनं आपली गाडी हाकून न्यावी हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. तो बराच वेळ बोलला. बानूनं कासरा ढिला सोडून ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाटील, हातात काय हाय ते तरी बघा."

त्यानं हाताकडं पाहिलं. पानं अजून उताणी केलेली नव्हती. त्यानं ती एकेक करून उलटली. दुरी, पंजा आणि चौकटचा गुलाम. त्या तीन पानांवर कुणी ढब्बू पैसाही लावला नसता. हैबतराव त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग त्याला हसू आलं. पडवीतल्या हसण्यासारखं नव्हतं ते. साळूबाईही तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता हैबतराव ओढ्याच्या दगडावर बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पटक्याच्या शेवानं तो पुसत राहिला.

पुसता पुसता तो म्हणाला, "तितं गेलो की झालं. मग संपलं गाव."

"गाव मागंच संपलं, पाटील," बानू म्हणाली. "आमी दर साली उठतो. ज्या दिवशी उठायचं त्या दिवशी भाकरी झाल्या झाल्या मी चुलीचे दगुड उलथे करते. मग मागं बघितलं तरी तितं काय नसतं. न्हाईतर माणूस आजची उद्या करीत बसतं."

"तुमी परत येता हितंच. आमचं तसं न्हाई."

खरंच होतं ते. ती म्हणाली की तसं नाही हे कबूल, पण अंधाराच्या आत घोटवड्याच्या पुढं जायला हवं, आणि वैनीच्या कोंबड्या मरायला लागल्यात. हैबतरावानं उठून गाडीतल्या डालग्यात पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि बानूच्या हातातून कासरा घेतला. पत्ते त्यानं पटक्यात खोचले. गाडी चढून वर गेली. तो शेवटपर्यंत गाडीत बसला नाही, बैलांच्या बरोबरीनं एका पायात पायतण घालून चालत गेला.

गेणबानं बानूला महिनाभर बोल लावले. त्याच्या जोडातली तीन पानं गेली होती आणि दुसरा जोड पुण्याहून येईपर्यंत पडवी सुनी पडली. भिवाजीकडून मागून आणलेला पुठ्ठ्याचा जोड गाडीवानांनी एका डावात झिडकारला. जयसिंग तिला म्हणाला की तो ढीग माझाच होता आणि तू तो मोडलास. तिनं त्याला तो ढीग उचलून घ्यायला सांगितलं. त्यानं तो त्याच दिवशी उचललेला होता, म्हणून पुढं काही बोलला नाही.

पिरंगुटात हळूहळू गोष्ट अशी झाली की बानूबाईनं एका बुडणाऱ्या माणसाला डावातून ओढून काढलं. सावळाही तशीच सांगायचा, स्वतःला त्यात जरा घालून. तो त्या दिवशी मेंढरांमागं तीन कोस लांब होता. बानूला ही गोष्ट ऐकवली की ती अस्वस्थ व्हायची. मी तिला शेवटी विचारलं तेव्हा ती सत्तरीची होती, भऱ्यातच लेकाकडं राहायची. ती म्हणाली, "लोकं म्हनत्यात म्या त्येला उठिवलं. त्याच्या आदी दोन तास म्याच त्येला लुटीत हुते. ते कुनी सांगत न्हाई."

जिंकलेले पैसे तिनं त्याच संध्याकाळी परत का दिले नाहीत हे मी तिला विचारलं. ती म्हणाली की ओढ्यावर दिले असते तर तो माणूस ते घेऊन पुन्हा पडवीत येऊन बसला असता, आणि साळूबाईच्या हातात दिले असते तर नवऱ्याच्या देखत तिला ते घेणं जड गेलं असतं. शिवाय डावात जिंकलेलं परत करणं तिला पटत नव्हतं. तिनं ते पैसे वेगळे बांधून ठेवले. त्यांना हात लावला की तिचं मन थाऱ्यावर राहायचं नाही.

माघात तिनं सावळ्याला सांगितलं की आठ दिवस कळप महाळुंग्याला न्यायचा. सावळा म्हणाला, गेणबाचं रान अर्धं बसवायचं राहिलंय, तो धान्य देणार नाही. ती म्हणाली, नको देऊ दे, त्या बांधून ठेवलेल्या पैशांतून धान्य घेऊ. दीडशे मेंढरं घेऊन ती दोघं ओढे-नाले ओलांडत दोन दिवसांनी महाळुंग्याला पोचली. हैबतरावाचं रान विचारत विचारत गेली. रान म्हणण्यासारखं नव्हतंच ते, नदीच्या अंगाची पांढरी माती आणि वर गोटे. त्याच्या कडेला चार भिंती उभ्या राहिल्या होत्या. दरवाजा बसवला होता, पण घरावर छप्पर अजून अर्धंच होतं.

हैबतराव त्यांना बघून उभा राहिला. मेंढरं बसवायला आलोय, बानूनं सांगितलं. तो म्हणाला की माझ्याकडं द्यायला धान्य नाही. तिनं सांगितलं की धान्य मागितलंच नाही. तो त्यावर अडून बसला, फुकटचं घेणार नाही म्हणाला. मग बानूनं त्याला स्वच्छ सांगितलं की हे फुकटचं नाही. त्या दुपारी मी उठायच्या वेळी उठले नाही, ते माझ्या मनात राहिलंय. त्या दोन तासांत जे आलं ते तुमच्या रानात घालते, म्हणजे मी मोकळी.

हैबतरावानं कळपावरून नजर फिरवली. "मुकादमबी मेंढरं बसवनार का?" त्यानं विचारलं.

मुकादमाकडं मेंढरं नव्हती. सावळा मोठ्यानं हसला आणि वाघर बांधायला गेला. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. आठ दिवस कळप त्या पांढरीवर बसला, रोज जागा बदलून. साळूबाई रोज बानूला भाकरी पाठवायची आणि बानू तिला दूध. नवव्या दिवशी सकाळी बानूनं चुलीचे दगड उलथे केले आणि ती दोघं निघाली.

बानू त्यानंतरही तीन हिवाळे पडवीत खेळली. गाडीवर संसार लादून आलेला माणूस दिसला की ती बसायची नाही, एवढाच फरक पडला. मग धरण पुरं झालं, चुन्याच्या गाड्या कमी झाल्या, पडवीत चांगला गडी मिळेनासा झाला, आणि एका दुपारी दूध घालून ती न बसताच परत गेली. पुन्हा कधी पत्ते तिनं हातात घेतले नाहीत. त्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. तिच्या सुनेनं मला सांगितलं की पुढं पुष्कळ वर्षांनी घरात पोरं पत्ते खेळायला बसली तरी म्हातारी तिकडं बघायचीसुद्धा नाही, मेंढरांची काळजी करायची.

महाळुंग्याच्या त्या रानात दुसऱ्या वर्षी ज्वारी आली. फार नाही, पण कणसं भरली. संक्रांतीच्या सुमाराला साळूबाईचा भाऊ पिरंगुटच्या बाजारला आला तेव्हा त्यानं बानूला निरोप दिला, की यंदा मेंढरं माघाची वाट न बघता पौषातच आणा, नदीकडचा तुकडा मोकळा पडलाय. आणि हैबतरावांनी सांगितलंय की यंदा धान्य घ्यावं लागेल, नाहीतर येऊ नका.

त्या वर्षी ती पौषातच गेली, आणि येताना पायलीभर ज्वारी घेऊन आली.